भाव ठरायच्या आधी तुम्ही बोललात, दाजी

दाजी,

तुमच्या नावानं विहाराला द्यायची ताटं अक्कानं माझ्याकडेच पाठवली. भांड्यांवर नाव टाकणारा तुमच्या लातूरच्या गल्लीतच एक बसतो, पण तिनं पोतं एसटीत चढवून नांदेडला पाठवलं आणि फोनवर एवढंच म्हणाली, "कालकथित नीट लिही. घाई करू नको." हा शब्द मी आजवर गेलेल्या किती लोकांच्या नावाआधी टाकला असेल, त्याची गणती नाही. हात कधी अडला नाही. तुमच्या वेळी तिसऱ्याच ताटावर सुई घसरली आणि काठावर लांब ओरखडा उठला. बघणाऱ्याला वाटेल, रडली म्हणून हात घसरला. तसं नव्हतं. रागानं घसरला. ते ताट मी विहारात दिलं नाही. माझ्याच मांडणीवर ठेवलंय.

आपलं भांडण मिटलं नव्हतं. मी बाजारात वाढलेली बाई. समोरचा उठून गेला म्हणजे सौदा संपला, असं मी मानत नाही. तो चार दुकानं फिरतो आणि परत येतो; आपण फक्त जागा सोडायची नसते. आठ महिने मी जागा सोडली नाही. तुम्ही परत याल आणि मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर द्याल, याची मला खात्री होती. तुम्ही आलाच नाहीत. मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याला चुकीचं जोखलं.

तुम्ही माझ्यासाठी काय केलं, ते मी विसरलेली नाही. नवरा सोडून गेला तेव्हा मी भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर छिन्नी-हातोडी घेऊन बसले होते. लग्नसराईत हात सुजायचे. तुम्ही लातूरहून आलात, पायरीवर माझ्या शेजारी बसलात आणि पिशवीतून विजेवर चालणारी कोरायची सुई काढली. मी पहिला प्रश्न विचारला, "कितीला?" तुम्ही म्हणालात, "भेट हाय." मी म्हणाले, "भेटीला बी भाव असतो, तो नंतर कळतो." तुम्ही एवढे हसलात की दुकानदार बाहेर आला. पुढं तुम्ही मला मोजायला शिकवलं. स्टीलच्या तांब्याचा काठ किती जाड, हे मी वाचायला शिकले, तेव्हापासून पातळ माल जाड म्हणून विकणारे माझ्यासमोर घाबरायला लागले. सरकारी नोकरीत तीस वर्षं पोरांना मशीन शिकवलेला माणूस माझ्यासाठी पायरीवर बसला, हे मी लिहून ठेवते. उपकार मी नाकारत नाही. पण म्हणून संशय सोडत नाही.

पुढं घरातल्याच पुढच्या खोलीत मी कारखाना टाकला. पाट्या, ठसे, मिठाईचे साचे. पितळेत खोल अक्षर पाहिजे असलं की काम हैदराबादला पाठवावं लागायचं, आणि मधला माणूस दोन्हीकडून खायचा. म्हणून मी ठरवलं, संगणकावर चालणारी छोटी मिलिंग मशीन घ्यायची. कटर फिरतो, टेबल सरकतं, सांगितलेल्या वाटेनं धातू कापला जातो. तुम्हाला विचारलं, कारण तुमच्याशिवाय कुणाला विचारावं असा माणूस नव्हता. तुम्ही फोनवर दोन वाक्यांत सांगितलंत. "छोटी घे, पण जड घे. कापताना थरथरली की अक्षर फाटतं."

नांदेडच्या त्या दुकानात आपण दोघं गेलो तो दिवस मला आवडला होता. थंडगार खोली, गणवेशातला विक्रेता, ॲल्युमिनियमची चकाकणारी नवी मशीन. चालत्या टेबलावर त्यानं रुपयाचं नाणं उभं करून ठेवलं होतं.

"बघा सर, रुपया हलत नाही."

तुम्ही खिशातून रुमालात गुंडाळलेला पितळेचा तुकडा काढलात. "हे कापून दाखवा."

"सर, इथं फक्त लाकूड कापून दाखवतो."

"का बरं?"

"नियम आहे सर."

"मग नियमालाच विकत बसा," मी म्हणाले. तुम्ही मला जिन्याकडं ढकललंत. खाली आल्यावर म्हणालात, "रुपया उभाच राहणार. त्याला कुणी कापून थोडंच राहिलंय?" मला वाटलं, आपल्या घरात माझ्याहून संशयी एक माणूस आहे. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आपण लातूरला निघालो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत बिराजदारांच्या शेडमध्ये एक जुनी मशीन आहे, असं तुम्हाला कळलं होतं. चाकूरला गाडी थांबली आणि सीताफळवाली खिडकीखाली आली. मी तिला अर्ध्यावर आणत होते. तेवढ्यात तुम्ही एक फळ दाबून म्हणालात, "वा, लई गोड निघणार हे." बाईनं टोपली लगेच मागं घेतली. मी तुम्हाला तिथंच गाडीत शिकवलं. "दाजी, भाव ठरेपर्यंत तोंड उघडायचं न्हाई. मी मशीनला नावं ठेवीन, तुम्ही मान हलवायची. चांगली असली तर मला पायानं खुणवा."

"हाव," तुम्ही म्हणालात. शपथ घ्यायची तेवढी बाकी ठेवली होती.

बिराजदार पंपाचे सुटे भाग करतात. त्यांच्याकडं मोठ्या मशिनी आल्या, म्हणून ही छोटी कोपऱ्यात बंद पडून होती. रंग उडालेला, पडदा हातभर सुद्धा नाही, पण अंग बिडाचं, आणि घरच्या साध्या विजेवर चालणारी. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. पिशवीतून ते घड्याळासारखं काट्याचं मोजमाप काढून टेबलाला चिकटवलंत. टेबल एकदा उजवीकडून आणलं, एकदा डावीकडून. काटा दोन्ही वेळा त्याच रेघेवर आला. कटर धरणारा दांडा तळहातानं रेटून पाहिलात, कान लावून फिरवलात. तास गेला. तुम्ही मला पायानं खुणवलंत. तेवढं मात्र केलंत.

मी सुरू झाले. "रंग गेलाय हिचा. अन् पडदा किती लहान."

बिराजदार म्हणाले, "पडदा पायजे तर टीव्ही घ्या की मॅडम."

"भंगारवाला बी दारात उभी करणार न्हाई."

"मग तुम्ही कशाला तिकीट काढून आलात?"

मला माणूस आवडला. अशा माणसाशी भाव करण्यात मजा असते. मी आकडा खाली ओढत होते, ते वर ओढत होते, आणि अजून दोन फेऱ्यांत जमलं असतं. मग ते तुमच्याकडं वळले. "सर, तुम्ही पोरं घडवलेली माणसं. तुम्ही सांगा."

मी तुमच्या बुटावर पाय दाबला.

"मशीन चांगली हाय," तुम्ही म्हणालात. "लई दिवसांनी अशी बघितली. जपलीय तुम्ही."

झालं. बिराजदार खुर्चीत मागं रेलले आणि त्यानंतर एक रुपया खाली आले नाहीत. मी उठले. बाहेर पडताना मागं वळून पाहिलं, तर पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी तुमचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि हळू आवाजात काही सांगत होते. तुम्ही मान हलवत होता. जी मान माझ्यासाठी हलवायची होती, ती.

आता मला सांगा, मी काय समजायचं होतं? आपल्या बाजारात गिऱ्हाईक घेऊन येणाऱ्याला वाटा असतो. चोरी नाही ती, रीतच आहे. भांड्यांच्या दुकानात नवरीकडच्यांना घेऊन येणाऱ्या मामालाही मिळतो. आणि ज्याला वाटा मिळणार असतो, तो विकणाऱ्यासमोर मालाची तारीफ करतो. लहान लेकराला कळतं हे. तरी मी महिनाभर काही बोलले नाही. मग अक्का फोनवर सहज बोलून गेली, "हे दर सोमवारी बिराजदाराकडं जाऊन राहिलेत. डबा घेऊन जातेत, पाचला येतेत." निवृत्त माणूस डबा घेऊन विकणाऱ्याच्या दारात कशाला जाईल? मी पुढच्या रविवारी लातूरला आले.

तुम्ही जेवायला बसला होता. अक्का वांग्याची भाजी वाढत होती. मी म्हणाले, "दाजी, बिराजदार दर सोमवारी देतो का महिन्याचं एकदम?"

"काय देतो?"

"तुमचा वाटा. मला तिथं नेल्याचा."

अक्का म्हणाली, "नंदे, जीभ आवर."

तुम्ही भाकरीचा तुकडा ताटात ठेवलात. मग म्हणालात, "मी खरं सांगितलं तरी तू त्यात खोट शोधणार. मग सांगून काय करू?" आणि भाजीचं पातेलं माझ्याकडं सरकवलंत. "जेव. उपाशी भांडू नको."

मी जेवले नाही. दाजी, उत्तर टाळणारा माणूस असाच जेवायला सांगतो. मी पातेलं परत सरकवलं आणि स्टँडवर आले. त्याच आठवड्यात त्या थंडगार दुकानातली नाण्याची मशीन घेतली. तुमच्यावरच्या रागानं घेतली, हे आज सांगायला हरकत नाही. भाव मात्र असा केला की विक्रेत्यानं गणवेशाच्या बाहीनं घाम पुसला. मशीन लाकूड छान कापायची. पितळ लावलं की दातावर दात आपटल्यासारखा आवाज करायची. तुम्ही अक्काकडून निरोप पाठवलात, "पितळ कापताना एका वेळी कमी खोल जा. चारदा फिरव." मी म्हणाले, टोमणा मारून राहिलेत. पण चारदा फिरवलं, आणि अक्षर थोडं सुधारलं, आणि त्याचा मला अजून राग आला.

मग तो फोन आला.

विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला बिराजदार आले होते. मागच्या रांगेत बसले, जेवले नाहीत. ते चपला घालत होते तिथं मी त्यांना गाठलं. ती जागा नव्हती, वेळ नव्हती. पण माणूस बेसावध असताना खरं बोलतो, हे मला माहीत आहे.

"बिराजदार, एक विचारते. सरांना किती देणार होता?"

"कशाचं?"

"मला आणल्याचं."

त्यांनी चप्पल हातातच धरली. "मी देतो म्हणलो होतो मॅडम. पाण्याच्या टाकीपाशी म्हणलो. आपल्यात रीतच हाय. सर म्हणले, पैसे नको, मशीन हाय तवर सोमवारी मला चालवू द्या. म्हणलो चालवा की, बंदच हाय."

"कशाला चालवायची होती?"

"ते म्हणायचे, मशीन नांदेडला गेली की आपण बी आठवड्यातले दोन दिवस तिकडंच. घरी बसून हात आखडून राहिलेत म्हणायचे."

म्हणजे वाटा होता, दाजी. माझं नाक चुकलं नव्हतं. तुम्हाला त्या सौद्यातून काहीतरी पाहिजे होतं. ते पैसे नव्हते एवढंच. तुम्हाला काम पाहिजे होतं. ज्या माणसानं पायरीवर बसलेल्या बाईला सुई दिली, त्याला त्याच बाईकडं "मला तुझ्या कारखान्यात येऊ दे" म्हणायला जड गेलं. आणि मी तरी काय केलं असतं? विचारलं असतं, रोज किती घेणार. तुम्ही मला ओळखत होता.

पण लगेच मनात आलं, हे सांगतोय कोण? ज्याच्या शेडमध्ये ती मशीन अजून पडून आहे, तोच. मेलेल्या माणसाची साक्ष काढणं सोपं असतं. असल्या गोष्टीनं डोळ्यांत पाणी आलेली बाई भाव करत नाही, एवढी अक्कल बिराजदारांना नक्की आहे.

"अजून विकली न्हाई का?" मी विचारलं.

"सरांनी विकू दिली कुठं? सोमवारी दोन गिऱ्हाईकं आली. सरांनी मशीनच्या अशा खोड्या सांगितल्या, की मलाच वाटलं, ही मशीन आपण ठेवली कशाला."

हे ऐकून मला चपलांच्या ढिगात हसू आलं आणि त्याच दमात संताप आला. म्हणजे तुम्हाला येत होतं. चांगल्या मालाला नावं ठेवायला तुम्हाला उत्तम येत होतं. फक्त माझ्यासाठी जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर गेले. बिराजदारांना म्हटलं, तुम्ही लांब उभे राहा, मशीनला हात लावू नका. मशीन चालू केली. पडद्यावर आत साठवलेल्या प्रोग्रामची यादी उघडली. पंपाचे भाग असतील असं वाटलं होतं. यादीत इंग्रजी लिपीत लिहिलेली नावं होती, कारण त्या पडद्याला मराठी येत नाही: अ, आ, इ. पुढं क, ख, ग. एकेका अक्षराला एकेक प्रोग्राम.

हे दुसरं कुणी वाचेल त्याला सांगितलं पाहिजे, की असल्या जुन्या मशिनींना इंग्रजी अक्षरं कापायची सोय विकणाराच देतो. मराठी अक्षर एका रेघेत कापायचं तर ते कुणीतरी हातानं लिहावं लागतं. कटर इथून उतर, इतका खाली ये, इथं वळ, इथं वर उचल. एका 'क'ला अशा कितीतरी ओळी लागतात. माझ्या पाट्या मराठीत असतात. शेडमध्ये पहिल्यांदा भाव करताना मी हे विचारायलाच विसरले होते. वजन बघितलं, भाव बघितला, आणि ती कुठल्या लिपीत कापणार हे बघितलंच नाही. तुमच्या ते लक्षात आलं होतं.

तरी मी मानलं नाही. म्हटलं, बिराजदारांनी कुणाकडून तरी भरून घेतलं असेल. पितळेचा तुकडा बांधला आणि 'ग' चालवला. कटर फिरत खाली आला, धातूच्या बोटभर वर थांबला. दोन सेकंद. मग उतरला. 'च' चालवला. तिथंही थांबला. लांबून बिराजदार म्हणाले, "प्रत्येकाला थांबते बगा ती. मी सरांना म्हणलो, वेळ कशाला वाया घालता. म्हणले, पोरांना हात काढायला."

तुमचा एक विद्यार्थी बोट गमावून बसला होता. तेव्हापासून तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ते दोन सेकंद असायचे. अक्का सांगायची, हे लेकराला घास बी थांबून भरवतेत. असली खूण बिराजदारांना सुचली नसती. मी मशीन बंद केली आणि शेडच्या पायरीवर जाऊन बसले. बिराजदारांनी चहा मागवला. मी घेतला.

चहा संपल्यावर मी भाव केला. तो करायचाच होता. ते म्हणाले, "मॅडम, आज बी?" मी म्हणाले, "आजच तर करायचा. आज मध्ये बोलणारं कुणी न्हाई." ते खाली आले. फार नाही, पण आले. तुम्ही त्या दिवशी गप्प राहिला असता तर नऊ-दहा महिन्यांपूर्वीच आले असते, मशीन तेव्हाच नांदेडला आली असती, आणि सोमवारी तुम्ही डबा घेऊन माझ्या खोलीत बसला असता. दाजी, विकणाऱ्यासमोर मालाची तारीफ करणं चूकच होतं. तुमच्याबद्दल मी जे बोलले ते मी मागं घेते. हे घेत नाही.

मशीन आता माझ्या पुढच्या खोलीत आहे. दाराची चौकट काढून आत घ्यावी लागली. नाण्याची मशीन देगलूरच्या एका पाट्यावाल्याला दिली. तुमची यादी 'फ'पर्यंत आहे. 'प' पूर्ण आहे. 'फ'चा प्रोग्राम मात्र मध्येच तुटतो. दांडी निघते, डावीकडचा पोटाचा भाग निघतो, आणि उजवीकडची शेपटी यायच्या आधी कटर वर उचलून हवेत उभा राहतो. त्या सोमवारी पाच वाजले असतील. पुढच्या सोमवारी पुरं करू, असं तुम्ही म्हटलं असेल.

ती शेपटी मी लिहायला घेतलीय. चारदा लिहिली. वळण गोल येत नाही, कोपरा पडतो. आकडा चुकतोय, की कटर जाड आहे, की मी घाई करतेय, कळत नाही. इथल्या एकाला विचारलं, तर त्यानं नवीन कटरचा संच दाखवला. दुसऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, जुनी मशीन काढून टाका ताई, माझ्याकडं चांगली आहे. तिसऱ्यानं शिकवणीची फी सांगितली. नांदेड-लातुरात विचारायला माणसं पुष्कळ आहेत, दाजी. प्रत्येकाला काहीतरी विकायचं आहे.